गीताबाईच्या घोडीचं बियाणं

नवरदेवाला भर वरातीत दम देणारी बाई मी पारनेरला असतानाच पाहिली. त्याआधी नाही, नंतरही नाही.

"पाठ ताठ ठेव. लगीन करायला चाललाय, दळन आनायला न्हाई."

आणि तो मुंडावळ्या बांधलेला, घामाघूम झालेला पोरगा मुकाट्यानं पाठ ताठ करायचा. कारण घोडी गीताबाईंची, लगाम गीताबाईंच्या हातात, आणि घोडीला नाच म्हणायचं की पळ म्हणायचं हेही त्यांच्याच मनावर.

आमचे हे पारनेरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. दवाखान्याच्या मागेच आमचं क्वार्टर, आणि ओढ्याच्या पलीकडे गीताबाईंचं घर. पन्नाशीची काटकुळी बाई. रोज काष्ट्याचं लुगडं आणि लग्नाच्या दिवशी पायात नवऱ्याच्या वहाणा. नवरा, सूर्यभान, लग्नाला घोडी द्यायचा. त्यानं येवल्याच्या बाजारातून हे पांढरं शिंगरू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं चांदणी. "आमच्या मानसानं मला कदी काकण आनलं न्हाई. गेला आन घोडी घिऊन आला," असं गीताबाई सांगायच्या, आणि सांगताना चांदणीची मान खाजवायच्या, म्हणजे तक्रार कुणाची आणि कौतुक कुणाचं ते कळायचंच नाही.

सूर्यभान गेल्यावर लोक म्हणाले, घोडी विकून टाक. गीताबाईंनी लगाम हातात घेतला. आता, विधवा बाईनं नवरदेवाच्या घोडीपुढं चालायचं, हे गावाला पचायला वेळ लागला. मळ्यातल्या आक्काबाई तर मांडवातच म्हणाल्या, "शुभकार्यात हे बरं दिसतं का?" आक्काबाई म्हणजे मोठ्या शेतकरी घरातल्या, तीन सुनांच्या सासूबाई. त्यांच्या शब्दापुढं जायची भावकीत कुणाची टाप नव्हती.

गीताबाईंनी शांतपणे लगाम त्यांच्यापुढं धरला. "धरा मंग तुमी. घोडी वळखती का बगू तुमाला."

चांदणीनं आक्काबाईंना ओळखलं नाही. तिनं त्यांच्या पदराचा जरीचा काठ तेवढा ओळखला आणि चघळायला घेतला. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही. गीताबाई म्हणायच्या, "आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच दीक्षा घेतली. शुभ-अशुभ, अंगारा-धुपारा सगळं गोदावरीत सोडलं. आमच्या घरात एकच नेम. घोडीला आधी खायला, मंग मानसाला."

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात रुतून बसली होती. सूर्यभान म्हणायचा, चांदणीला एक शिंगरू होऊ दे, मग घर भरलं. तो गेला. मुलगी भारती कोपरगावला सासरी. गीताबाईंनी दोन वेळा चांदणीला घोडा दाखवला. दोन्ही वेळा चांदणीनं घोड्याला अशी लाथ मारली की त्याचा मालक पुन्हा पारनेरच्या हद्दीत आला नाही. "डाक्टरीणबाई," त्या माझ्या ओट्यावर चहा पिताना म्हणायच्या, "चांदणी म्हातारी व्हायच्या आत एक शिंगरू पायजे. न्हाई तर तिच्यामागं काय? नुसता खुंटा."

आणि सत्त्याण्णव सालच्या लगीनसराईत चांदणी बिघडली.

आधी बारीकसारीक गोष्टी. शेजारच्यांची खेचरं पाहून मान वाकवायची, नाकपुड्या फुगवायची, मोठ्यानं खिंकाळायची. मग आक्काबाईंच्या मळ्यातलं लग्न आलं. दोन नातू, राधाकृष्ण आणि राम, एकाच मांडवात. दोघांना मारुतीच्या पाया पडायला न्यायचं म्हणून दोन घोड्या. थोरल्या राधाकृष्णाला चांदणी आणि धाकट्या रामाला सुप्याहून मागवलेली एक तांबडी, लाजरी घोडी.

बँड सुरू झाला. चांदणीनं तांबडीकडं पाहिलं. वरचा ओठ वर केला, छाती काढली आणि अशी खिंकाळली की बँडवाल्याचा क्लॅरिओनेट चुकला. तांबडी घाबरून धाकट्या रामाला घेऊन पळाली. चांदणी तिच्या मागं. राधाकृष्ण तिच्या पाठीवर, एका हातानं अयाळ आणि दुसऱ्या हातानं बाशिंग धरलेलं. त्या दोघी बुंदीच्या कढईला वळसा घालून, जेवणाच्या पंगतीतून, दोन टेम्पोंच्या मधून गेल्या. बँड मात्र वाजतच राहिला, कारण थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं.

तांबडी घाबरली तरी शहाणी होती, सरळ मारुतीच्या देवळापुढं जाऊन थांबली. रामाला वाटलं, आलोच आहोत तर. तो उतरला आणि पाया पडला. म्हणजे धाकट्यानं थोरल्याच्या आधी मारुतीचा आशीर्वाद घेतला! राधाकृष्ण पोचला तेव्हा बाशिंग कानावर होतं आणि चांदणी तांबडीच्या पाठीवर पुढचे पाय टाकायच्या बेतात होती. तेही देवळापुढं. बायकांनी पदर तोंडाला लावले. काही हसण्यासाठी, काही तसेच.

आक्काबाईंनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. "ही घोडी न्हाई, बाधा हाय," त्या सगळ्यांपुढं म्हणाल्या. "सूर्यभानाचा आत्मा शिरलाय तिच्यात. पुन्हा ही घोडी कुनाच्या दारात उभी ऱ्हायली तर मला सांगा."

"माझ्या नवऱ्याचा आत्मा एवढा रंगेल न्हवता," गीताबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ठरलेली लग्नं एकेक करून मोडायला लागली. म्हणजे लग्नं नाही, त्यातली चांदणीची बोलणी मोडायला लागली.

तेव्हा त्या घोडी घेऊन दवाखान्यात आल्या.

आमच्या ह्यांनी चांदणीला लोखंडी खोड्यात उभं केलं, खांद्यापर्यंत रबरी हातमोजा चढवला आणि मागून हात घालून तपासलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. ह्यांचा चेहरा असा झाला की जणू पिशवीत बटाटा शोधताना नारळ हाताला लागला.

"गीताबाई, हिच्या एका अंडाशयात मोठी गाठ आहे. नारळाएवढी. ती गाठ तिच्या रक्तात नराचं द्रव्य सोडते. म्हणून ती घोड्यासारखी वागते."

गीताबाई घोडीकडं वळल्या. "म्हंजी माझी चांदणी बाप्या झाली व्हय?"

"मनानं. शरीरानं नाही."

"आन दुसरं अंडाशय?"

"ते आहे, पण ते झोपलंय. गाठ काढली तर ते जागं होऊ शकतं. मग शिंगरूही होऊ शकेल. खात्री नाही देत."

त्या चटकन माझ्या खिडकीकडं वळल्या, जणू शिंगरू तिथून बाहेर येणार होतं. "डाक्टरीणबाई, ऐकलं ना? तुमी साक्षीदार हां."

पण असली शस्त्रक्रिया तालुक्याच्या दवाखान्यात कोण करणार? ह्यांनी पुण्याला एसटीडी लावला. तिथल्या एका प्रयोगशाळेत मोनिका नावाची ह्यांची कॉलेजातली धाकटी सहकारी होती. ती घोड्यांच्या वंध्यत्वावर काम करायची. ती म्हणाली, येते, करते, पैसे नकोत. पण गाठ मला अभ्यासाला द्या, आणि दुसऱ्या अंडाशयाची नखाएवढी पातळ चकती द्या. ती गोठवून ठेवून पाहायची आहे.

मोनिका जीपमधून उतरली. कापलेले केस, पँट, गळ्यात स्टेथोस्कोप. ती सरळ चांदणीपाशी गेली आणि तिच्या मानेला मिठी मारली. चांदणीनं मान वाकवून मोठ्यानं खिंकाळून तिच्या केसांत नाक घातलं.

"बाई, जरा लांब उभ्या ऱ्हावा," गीताबाई म्हणाल्या. "ती तुमच्यावर बी लाईन मारती."

ओट्यावर बसून मोनिकानं त्यांना समजावलं. घोडीच्या अंडाशयात जन्मापासूनच हजारो बारीक अंडी असतात. चांगल्या जातीची घोडी शिंगरू न देताच मेली, की ती सगळी वाया जातात. अंडाशयाची पातळ चकती काढून, औषधात बुडवून, नायट्रोजनच्या भांड्यात गोठवली, तर ती वर्षानुवर्षं टिकावी असा आम्हा लोकांचा प्रयत्न आहे. पुढं कधी ती वितळवून त्यातलं अंडं वाढवता आलं तर.

"म्हंजी बी धरायचं," गीताबाई म्हणाल्या.

"अं?"

"आमी चांगल्या कणसाचं बी न्हाई का धरीत? पुढल्या सालासाठी?"

"अगदी तेच, मावशी!"

"मंग बटाईनं करा. बी माझ्या घोडीचं, भांडं तुमचं. पीक आलं तर निम्मं-निम्मं."

मोनिका हसली, पण खरं बोलली. ती खरं बोलली म्हणूनच गीताबाईंना ती आवडली असावी. "मावशी, अजून असं एकही शिंगरू जन्माला आलेलं माझ्या ऐकण्यात नाही. माझ्या हयातीत येईल का तेही माहीत नाही. तुम्हाला शिंगरू मिळालं तर ते चांदणीच्या पोटातून मिळेल, माझ्या भांड्यातून नाही. ही चकती फक्त शिकण्यासाठी. पण ती दिली नाहीत तरी मी गाठ काढीनच."

"आमी शब्द दिला की दिला," गीताबाई म्हणाल्या. "चकती तुमची."

शस्त्रक्रिया दवाखान्याच्या आवारात सकाळीच झाली. पारनेरला त्या काळात इतकं फुकट मनोरंजन नव्हतं, त्यामुळं अर्धा गाव कुंपणाला लागला. आक्काबाईही आल्या होत्या, "मी काय बघायला न्हाई आले, माझी म्हैस गाभण हाय का इचारायला आले," असं सगळ्यांना सांगत. त्यांच्याबरोबर म्हैस नव्हती.

चांदणीला गुंगीचं दिलं, कुशीत बधिर केलं, आणि ती उभ्याउभ्याच डोळे मिटून झोके घेत राहिली. गीताबाई तिच्या तोंडाशी उभ्या राहून कानात काहीतरी सांगत होत्या. मोनिकाच्या हातात ती गाठ आली तेव्हा कुंपणावरून एकच "आगं बाई" उठलं. मग दुसऱ्या अंडाशयाची चकती. ती तिनं एका छोट्या बाटलीत घालून बूच घट्ट केलं, बर्फ भरलेल्या निळ्या थर्मासमध्ये ठेवली आणि थर्मास गीताबाईंच्या हातात दिला.

"मावशी, टाके घालून, हात धुऊन, दोन घास खाऊन मी निघते. तोवर हे सांभाळा. ऊन लागू द्यायचं नाही, कुत्र्या-मांजराला मिळू द्यायचं नाही आणि काही झालं तरी उघडायचं नाही."

"तुमी निवांत जेवा," गीताबाई म्हणाल्या.

मी पिठलं-भाकरी केली होती. मोनिका दोन भाकरी खाऊन उठली, जीपवाला कारभारी गाडी वळवून आला, आणि थर्मास कुठे आहे म्हणून पाहायला गेलो तर थर्मास नाही.

गीताबाई चांदणीपाशी बसून तिच्या डोळ्यांवरच्या माशा पदरानं हाकलत होत्या.

"मावशी, थर्मास?"

"हाय की."

"कुठं आहे?"

"सावलीत हाय. उघडला न्हाई मी."

सावली म्हणजे कुठली? आम्ही व्हरांडा पाहिला, औषधाची खोली पाहिली, माझ्या घरातल्या माठाच्या घडवंचीखाली पाहिलं. कारभारी म्हणाला, कुत्र्यानं नेला असणार. हे म्हणाले, कुत्रा थर्मास नेत नाही. आक्काबाई म्हणाल्या, "मी न्हाई नेला, सांगून ठेवते," तेव्हा तर सगळ्यांना त्यांचाच संशय आला. आणि इतक्या गोंधळात गीताबाई शांत. चांदणीचा एक गोंडा हरवला तर ओढ्यापलीकडून ऐकू येईल असा आवाज असलेली बाई, आणि आज शांत. मला ते खटकलं. मी त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसले.

"गीताबाई, मला तरी सांगा."

त्यांनी माझ्याकडं न पाहता हनुवटी वर केली.

दवाखान्यामागं एक जुना वड आहे. गाय-म्हैस व्याली की मागून पडणारी तिची जार, म्हणजे वार, फडक्यात बांधून लोक त्या वडाला टांगतात. वडाला चीक असतो, म्हणून जनावराला दूध येतं, पुढचं वेत सुखरूप होतं, असं म्हणतात. वर्षानुवर्षांची वाळलेली गाठोडी तिथं लोंबत असतात. त्या गाठोड्यांच्या मधोमध, चांदणीच्या वरातीच्या रंगीत गोंड्यांच्या दोरीनं बांधलेला, मोनिकाचा निळा थर्मास वाऱ्यानं हलत होता. वरून ओलं पोतं गुंडाळलेलं.

"हे काय!" मोनिकाच्या तोंडून एवढंच निघालं.

"गारव्याला टांगलाय," गीताबाई म्हणाल्या. "उन्हाळा केवढा हाय."

"पण मावशी, थर्मासला बाहेरच्या गारव्याचं काही नसतं."

"मला काय म्हाईत. मी पान्याची छागल टांगती तसा टांगला. फांदीवरनं दोरी टाकली आन पोहऱ्यावानी वर वढला."

"खाली एवढी सावली होती."

"खाली कुत्री हायेत. तुमीच म्हनला."

"मग जारांच्या मधेच का?" ह्यांनी विचारलं.

"ती फांदी मोकळी हुती."

कुंपणावर हशा पिकला. आमच्या ह्यांनी दोरीचं टोक सोडायला हात पुढं केला, आणि तेवढ्यात कारभारी, म्हणजे पुण्याच्या जीपचा ड्रायव्हर, पण मूळचा आमच्या भागातलाच, म्हणाला, "सायेब, नका काढू. वडाला टांगलेलं खाली काढत न्हाईत. काढलं की त्या जनावराची कूस मिटती."

हशा थांबला. मी गीताबाईंकडं पाहिलं. अंगारा-धुपारा गोदावरीत सोडून दिलेली ती बाई दोरीच्या टोकाशी येऊन उभी राहिली होती आणि तिनं ते मुठीत असं धरलं होतं की सोडायचं की आणखी घट्ट बांधायचं ते तिलाच ठरवता येत नव्हतं. एका बाजूला मोनिकाला दिलेला शब्द आणि दुसऱ्या बाजूला सूर्यभानाचं शिंगरू. वर बर्फ वितळायला लागला असणार.

"मावशी," मोनिका हळूच म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल तर राहू दे. मी तशीच जाते."

"गप बसा वं!" गीताबाई खेकसल्या. "शब्द दिलाय मी." पण दोरी सुटेना.

तेव्हा आक्काबाई कुंपणाच्या आत आल्या. पदर खोचला, वर पाहिलं, गीताबाईंकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हातारी बाधेचं काढणार.

"गीते, वर काय टांगलंय? जार का बी?"

"बी. ह्या पोरीनंच सांगितलंय."

"मंग? बियान्याची कणसं आपन आढ्याला टांगतो, ती मिरगाला खाली काढतोच की. वरच ठेवली तर उंदरं खात्यात. जार टांगायची आसती, बी पेरायचं आसतं. काढ खाली. पोरीला पुन्याला जायचंय."

गीताबाईंनी एकदा त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "मी जार म्हनून टांगलंच न्हवतं."

"व्हय व्हय. गारव्याला टांगलं. काढ."

दोरी हळूहळू सुटू लागली. थर्मास एका वाळक्या गाठोड्याला घासून, गोंडे हलवत, एखाद्या नवरदेवाच्या डौलानं खाली आला. मोनिकानं झाकण उघडून पाहिलं. बर्फ शाबूत होता. बाटलीचं बूच घट्ट होतं. तिनं गीताबाईंच्या हातात हात दिला आणि जीप सुप्याच्या रस्त्याला लागली. गोंड्यांची दोरी घाईत थर्माससकट पुण्याला गेली. पुढं मोनिकानं ती टपालानं परत पाठवली, आणि सोबत लिहिलं की चकती सुखरूप गोठवली आहे, भांड्यावर 'चांदणी, पारनेर' अशी चिठ्ठी आहे.

गीताबाईंनी ते पत्र माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. "भांड्यावर नाव घातलं म्हनं. सूर्यभानाचं बी घालायला पायजे हुतं, घोडी त्यानं आनली."

पावसाळ्यानंतर चांदणी पुन्हा चांदणी झाली. मान वाकवणं गेलं, खेचरांवर मर्दुमकी दाखवणं गेलं. बँड वाजला की पूर्वीसारखी पाय उचलून नाचायची. पण लग्नाला तिला बोलवायचं कुणी? तर आक्काबाईंनी. तिसऱ्या नातवाच्या लग्नात त्यांनी भरमांडवात सांगितलं, "घोडी गीतेचीच पायजे. आता तिच्यात कुनी न्हाई, मी वर बगून खात्री केलीय." काय वर पाहिलं ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात घोडा दाखवला. या वेळी चांदणीनं लाथ मारली नाही. गीताबाई अकरा महिने रोज येऊन ह्यांना एकच प्रश्न विचारायच्या, आणि रोज उत्तर ऐकून माझ्याकडं वळून विचारायच्या, "डाक्टर खरं बोलत्यात ना?" अखेर थंडीतल्या एका सकाळी ओढ्याच्या पलीकडून त्यांची हाक आली. हाक कसली, आरोळीच. आम्ही दोघं धावलो. चांदणीच्या पायांशी एक तपकिरी, ओलं, लटलटत्या पायांचं शिंगरू उठायचा प्रयत्न करत होतं. गीताबाई त्याला धरत नव्हत्या. पदर दातांत धरून नुसत्या पाहत होत्या.

आक्काबाईही आल्या, आणि मागं हातात खीर घेऊन राधाकृष्ण. चांदणीची जार एका फडक्यात ठेवलेली होती. ह्यांनी सांगितलं, खड्डा करून पुरा, उघड्यावर ठेवू नका. गीताबाई म्हणाल्या, "बराबर हाय. आमच्यात ते टांगायबिंगायचं चालत न्हाई."

मग त्यांनी ते फडकं उचललं आणि आक्काबाईंपुढं धरलं.

"तुमच्यात चालतं. तुमी टांगा."

"मी? या वयात?"

"राधाकिसन हाय की."

राधाकृष्णानं खिरीचं पातेलं माझ्या हातात दिलं, ओढ्यापलीकडच्या वडाकडं पाहिलं आणि मग चांदणीकडं. "या घोडीनं मला पुन्हा वर चढवलंच," तो म्हणाला, आणि फडकं घेऊन, ओढा ओलांडून, धोतर खोचून वडावर चढायला लागला.

"पाठ ताठ ठेव," गीताबाई खालून ओरडल्या. "आन मोकळ्या फांदीला बांध. गारवा लागंल अशी."